चर्चा: सॉडर भावंडं आगीतच गेली, पण त्यांच्या आईबापांचा संशय रास्त होता

ओसरी :

अमेरिकेतल्या पश्चिम व्हर्जिनिया राज्यात, फेयेटविल गावाबाहेर, १९४५ च्या नाताळच्या मध्यरात्री जॉर्ज आणि जेनी सॉडर यांचं दुमजली लाकडी घर जळून खाक झालं. घरात नवरा-बायको आणि त्यांच्या दहापैकी नऊ मुलं होती. एक मुलगा सैन्यात होता. आईबाप आणि चार मुलं बाहेर पडली. मॉरिस (१४), मार्था (१२), लुई (९), जेनी (८) आणि बेटी (५) ही पाच मात्र पुन्हा दिसली नाहीत, आणि राखेत त्यांची हाडंही मिळाली नाहीत. प्रकरण आजही उलगडलेलं नाही.

माझं मत दोन भागांत आहे, ते एकत्रच वाचावं. मुलं त्या रात्री घरातच धुरानं गुदमरून गेली, असं मला वाटतं. आणि मुलं पळवली गेली असं मानून आईबाप पुढं मरेपर्यंत त्यांना शोधत राहिले याचा दोष मी तपास करणाऱ्यांना देतो. 'दुःखानं त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं' हे जे सहज बोललं जातं, ते मला अन्यायाचं वाटतं.

तपास कसा झाला ते बघा. आग लागली रात्री एकच्या सुमारास. अग्निशमन केंद्र जेमतेम चार किलोमीटरवर. बंब पोहोचला सकाळी आठ वाजता, कारण प्रमुख मॉरिस यांना स्वतःला बंब चालवता येत नव्हता आणि चालवणारा मिळेपर्यंत ते थांबले. (बेपत्ता मुलाचं नावही मॉरिस, गल्लत करू नका.) सणाच्या सकाळी थोडी उकराउकर झाली आणि सांगण्यात आलं की आग इतकी प्रखर होती की हाडंही उरली नाहीत. लगोलग कोरोनरच्या (मृत्यूच्या कारणाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या) पंचांनी सदोष वायरिंग हे कारण ठरवलं. ३० डिसेंबरला पाच मृत्यूचे दाखले तयार.

पुढं कळलं की मॉरिस यांनी राखेत एक काळीज सापडल्याचं आणि ते डायनामाइटच्या रिकाम्या पेटीत पुरल्याचं कुणाला तरी सांगितलं होतं. जॉर्ज आणि त्यानं नेमलेल्या खाजगी गुप्तहेरानं ती पेटी उकरून काढायला लावली. अंत्यविधी करणाऱ्या एका व्यावसायिकाला दाखवली, तर आत निघालं गाईचं यकृत, आगीचा स्पर्शही न झालेलं. कुटुंबाचं समाधान व्हावं म्हणून ते तिथं ठेवलं, असा खुलासा पुढं आला. ज्या माणसानं हे केलं त्याच्या 'हाडं जळून गेली' या शब्दावर बापानं का विश्वास ठेवावा?

तुमची मतं मांडा. वेगळं मत असेल तर कारणासकट.

रानजाई :

वेगळं मत आहे. मुलं त्या घरात जळाली नाहीत असं मी मानते, आणि माझं पहिलं कारण इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

आपण राख सावडायला जातो. मी आजोबांच्या वेळी गेले होते. तीन-चारशे किलो लाकूड, वर तूप-राळ, काही तास धगधगती चिता, आणि तरी सकाळी अस्थी वेचायला मिळतात. कवटीचे तुकडे, मणके, मांडीच्या हाडाचे खांडके. एका माणसाच्या चितेत ही गत असेल, तर पाऊण तासात कोसळलेल्या घरात पाच मुलांचं एकही हाड, एकही दात सापडू नये?

मुलांची आई जेनी सॉडर हिलाही हाच प्रश्न पडला होता. तिनं घरी कोंबडीची, डुकराची, गाईची हाडं जाळून पाहिली. दर वेळी हाडं उरली. विद्युतदाहिनीसारखी व्यवस्था असते तिथल्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला की २००० अंश फॅरनहाइटला दोन तास ठेवलं तरी हाडं राहतात. त्याच सुमारास दुसरीकडं एका घराला आग लागून सात जणांचं कुटुंब गेल्याची बातमी तिनं वाचली होती, तिथं सगळ्यांचे सांगाडे मिळाले होते. सॉडरांच्या तळघरात तर स्वयंपाकघरातली उपकरणं ओळखू येतील अशी पडलेली होती.

आता बाकीचं. घराला कायम टेकून असलेली शिडी नेमकी त्या रात्री जागेवर नाही. ती पंचाहत्तर फुटांवर उतारावर टाकलेली सापडली. कोळसा वाहायचे दोन्ही ट्रक आदल्या दिवशी व्यवस्थित चालत होते, त्या रात्री एकही चालू होईना. टेलिफोन दुरुस्त करणाऱ्यानं सांगितलं की तार जळलेली नाही, खांबावर चढून कापलेली आहे. आणि आग लागल्यावरही घरातले दिवे काही वेळ चालू होते. वायरिंग जळत असतं तर दिवे राहिले असते का?

त्याआधी एक विमा एजंट जॉर्जवर संतापून म्हणाला होता की इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी याच्याबद्दल जे बोलतोस त्याची किंमत मोजशील, घर धुरात जाईल, मुलं नष्ट होतील. हाच माणूस कोरोनरच्या पंचांमध्ये बसला होता. ओसरी, तुम्ही ही गोष्ट तुमच्या लेखात घेतली नाहीत.

बंबखाना :

महापालिकेच्या अग्निशमन दलातून निवृत्त झालोय. वर्दी मिळाल्यापासून ढिगारा थंड होईपर्यंतचं काम आयुष्यभर केलं, म्हणून लिहितो.

रानजाईताई, राख सावडण्याचा मुद्दा वजनदार आहे, पण तो इथं जसाच्या तसा लागत नाही. चितेवर देह कुठं ठेवला, डोकं कुठं, पाय कुठं, हे घरच्यांना माहीत असतं. राख गुडघाभर उंचीची. तिथं कुणी बंबाचं पाणी मारलेलं नसतं. इथं वरच्या मजल्यावरची मुलं, छप्पर, मधला तक्तपोशीचा मजला, भिंतींचं लाकूड, सगळं तळघरात ओतलं गेलं. पाऊण तासात घर कोसळलं, याचा अर्थ आग तेवढ्यात संपली असा होत नाही. ते सगळं एका खड्ड्यात सकाळपर्यंत, म्हणजे सहा-सात तास, धुमसत होतं. अशा ढिगाऱ्याच्या पोटातली धग वरून दिसणाऱ्या ज्वाळेपेक्षा जास्त नुकसान करते.

लहान मुलांची हाडं बारीक, टोकं जुळून न आलेली. पूर्ण भाजलं की हाड पांढरं-करडं होतं आणि बोटानं दाबलं तरी चुरा होतो. तापलेल्या हाडावर पाणी पडलं की ते तडकतं. मग ते चुन्याच्या आणि विटांच्या खड्यांत असं मिसळतं की सवयीच्या डोळ्यालाही दिसत नाही. आम्ही शोध घ्यायचो तेव्हा जागेचे चौकोन पाडून, थर-थर काढून, चाळणीनं चाळायचो. मोठ्या घराला काही दिवस लागतात. सकाळच्या दोन-चार तासांत फावड्यानं उकरून 'काही मिळालं नाही' म्हणणं, याला आमच्याकडं शोध म्हणत नाहीत.

दिव्यांबद्दल: एका सर्किटवर बिघाड होऊन आग लागली तरी दुसऱ्या सर्किटचे दिवे काही वेळ चालू राहतात. हे मी कितीदा तरी पाहिलंय. त्यामुळं दिवे चालू होते यावरून वायरिंग निर्दोष ठरत नाही. दोषी होतं असंही ठरत नाही, एवढंच.

जिन्याबद्दल कुणी बोललं नाही. आग खालच्या खोलीत, जिथं टेलिफोन आणि फ्यूज बॉक्स होता तिथं, सुरू झाली आणि जिना पेटला. लाकडी घरात जिना हा धूर वर ओढणारा रस्ता. वाचलेली मुलं जॉन आणि धाकटा जॉर्ज वरूनच उतरली, ती केस होरपळून. झोपेतल्या मुलांना धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू चढला की ती हाकेला ओ देत नाहीत. आईबाप खालून हाका मारत होते आणि वरून उत्तर आलं नाही, याचं हे पुरेसं कारण आहे.

खडीसाखर :

बंबखाना काकांना +१. जिन्याचा मुद्दा पहिल्यांदाच नीट कळला.

तिठा :

दोन्ही बाजू एक गोष्ट धरून चालल्यात, की आग अपघाती असेल तर मुलं मेली आणि आग लावलेली असेल तर मुलं पळवली. तिसरी शक्यता का नको? आग लावली आणि मुलं त्यात मेली.

जॉर्जचं मूळ नाव जॉर्जिओ सोद्दू. सार्डिनियातल्या तुला गावचा, तेराव्या वर्षी अमेरिकेत आलेला. पुढं स्वतःचा मालवाहतुकीचा धंदा काढला, आधी मातीची, मग कोळशाची. फेयेटविलच्या आसपास इटालियन कुटुंबं बरीच होती आणि जॉर्ज मुसोलिनीविरुद्ध उघड बोलायचा. मुसोलिनीला एप्रिल १९४५ मध्ये मारलं, तेव्हा त्या वस्तीतली भांडणं किती ताजी असतील याचा विचार करा. रात्री जेनीला छपरावर काहीतरी आपटून घरंगळल्याचा आवाज आला होता. नंतर एका बसचालकानं छपरावर आगीचे गोळे फेकलेले पाहिल्याचं सांगितलं. अंगणात कडक रबराची हिरवी वस्तू मिळाली, ती जॉर्जला आग लावणारा बॉम्ब वाटली.

एवढं सगळं असताना आग लावल्याचा गुन्हा म्हणून तपास व्हायला हवा होता. पाच मुलांच्या खुनाचा. अपहरणाच्या चर्चेत हा खून हरवून जातो, याचं मला वाईट वाटतं.

पण मुलं पळवायची असतील तर त्यासाठी घर कशाला जाळायचं? पाच मुलं, त्यातला एक चौदा वर्षांचा, आवाज न करता जिना उतरवून न्यायची, खाली सोफ्यावर मोठी बहीण मॅरियन झोपलेली. मला हे पटत नाही.

रानजाई :

तिठा, मॅरियन झोपलेली होती हे माझ्याच बाजूचं आहे. ती मुलं झोपायला वर गेली हे कुणी पाहिलेलंच नाही. मॅरियननं दुकानातून आणलेल्या खेळण्यांशी खेळायचं म्हणून त्यांनी उशिरापर्यंत जागायची परवानगी मागितली होती. मॉरिस आणि लुईला झोपण्याआधी गाई आत बांधायच्या होत्या, कोंबड्यांना दाणा घालायचा होता. म्हणजे बाहेर जायचंच होतं. साडेबाराला फोन वाजला म्हणून जेनी उठली, तर दिवे चालू, पडदे उघडे, दार नुसतं लोटलेलं. ही कामं झोपताना मुलं करायची. त्या रात्री झालेली नव्हती. मुलं वर झोपलीत असं आईनं गृहीत धरलं.

जॉननं पहिल्या जबाबात वर जाऊन भावंडांना हलवल्याचं म्हटलं आणि नंतर फक्त हाक मारल्याचं. मोठ्या भावाला हे आयुष्यभर किती जड गेलं असेल! त्याला दोष देत नाही. पण मुलं बिछान्यात होती याचा एकमेव पुरावा असा डळमळीत आहे.

नाताळच्या काही आठवडे आधी शाळेतून येणाऱ्या धाकट्या मुलांवर लक्ष ठेवत हमरस्त्यावर एक मोटार उभी असायची, हे थोरल्या मुलांनीच सांगितलंय. आगीनंतरच्या सकाळी पन्नासेक मैलांवर मुलांना नाश्ता दिल्याचं सांगणारी बाई पुढं आली. राज्याची राजधानी चार्ल्सटन, तिथल्या हॉटेलात पाचांपैकी चौघांना मोठ्या माणसांबरोबर पाहिल्याचं दुसरीनं सांगितलं.

ओसरी :

हॉटेलवाल्या बाईनं हे सांगितलं ते काही वर्षांनी, वर्तमानपत्रात मुलांचे फोटो पाहून. क्षणभर पाहिलेला चेहरा इतक्या काळानं ओळखणं, आणि तोही फोटो आधी पाहिलेला असताना, यावर मी पाच जणांचं आयुष्य ठरवणार नाही.

शिडी आणि फोनच्या तारेचं काही अंशी उत्तर मिळालेलं आहे. त्या रात्री सॉडरांच्या आवारातून जड सामान उचलायची कप्पी-दोरखंड चोरताना एकाला पाहिलं गेलं होतं. त्यानं चोरी कबूल केली आणि विजेची तार समजून टेलिफोनची तार आपण कापली हेही. आगीशी संबंध नाही म्हणाला. अर्धवट उत्तर आहे, मान्य. चोराला विजेची तार कापायची गरज का पडावी हे कुणी खोलात विचारलं नाही, आणि माझा सगळा राग त्याच 'विचारलं नाही' वर आहे. ट्रकचं म्हणाल तर जीव कासावीस झालेला बाप गडबडीत पुन्हा पुन्हा स्टार्टर मारतो तेव्हा इंजिनात पेट्रोल भरून ते बंद पडतं, हे जुन्या गाड्या चालवलेल्यांना विचारा.

विमा एजंट पंचांत होता हे मी घ्यायला हवं होतं असं म्हणालात. ती गोष्ट माझ्या दुसऱ्या भागाचाच पुरावा आहे. धमकी देणारा माणूस चौकशीला बसतो, आणि तीच चौकशी अपघात म्हणून मोकळी होते.

न्यूरिव्हर :

मी चार्ल्सटनमध्ये राहतो. फेयेटविल इथून तासाभराच्या अंतरावर, न्यू रिव्हरच्या दरीच्या काठावर. आज तिथं राष्ट्रीय उद्यान आहे, १९७७ सालचा उंच पोलादी पूल आहे, राफ्टिंगला गर्दी असते. १९४५ चं फेयेटविल डोळ्यांसमोर आणायचं तर हे सगळं पुसून टाकावं लागतं. कोळशाच्या खाणी, नागमोडी घाटरस्ते, मोजके टेलिफोन, हिवाळ्यात गोठलेलं पाणी. सॉडरांच्या अंगणातलं पाण्याचं पिंपही त्या रात्री गोठलेलं होतं. अग्निशमन दलातले कितीतरी तरुण युद्धामुळं गावाबाहेर, आणि निरोप एकानं दुसऱ्याला फोन करून द्यायची पद्धत. मॅरियन शेजाऱ्यांकडं धावली, तर तिथून ऑपरेटरच लागेना. शेवटी एका शेजाऱ्यानं गाडी काढून गावात जाऊन प्रमुखांना गाठलं.

हे सात तासांच्या उशिराचं समर्थन म्हणून लिहीत नाही. पण उशीर झाला म्हणजे कट होता, असा अर्थ काढताना तो काळ आणि तो डोंगर लक्षात घ्यावा.

एक मात्र सांगतो. राज्य मार्ग १६ च्या कडेला सॉडरांनी लावलेला एक फलक उभा होता, पाचही मुलांचे फोटो असलेला. आधी ५,००० डॉलर, मग १०,००० डॉलर बक्षीस. १९५० च्या दशकात लागलेला तो फलक जेनी गेल्यावर, १९८९ नंतर, उतरला. जॉर्ज १९६९ मध्ये गेला. इथल्या वयस्क लोकांना लहानपणी त्या रस्त्यानं जाताना गाडीच्या खिडकीतून दिसणारे ते पाच चेहरे आठवतात.

तिठा :

रानजाई, जळालेल्या घराच्या जागी झालेल्या १९४९ च्या खोदकामाबद्दल तुमचं मत काय? तेव्हा मणक्यांचे तुकडे मिळाले होते.

रानजाई :

ते माझ्या बाजूनंच बोलतात. स्मिथसोनियन या अमेरिकेतल्या संग्रहालय-संशोधन संस्थेचे तज्ज्ञ मार्शल न्यूमन यांनी ते तपासले. कमरेचे चार मणके, एकाच व्यक्तीचे, वय साधारण १६-१७, जास्तीत जास्त २२. मॉरिस चौदाचा होता. न्यूमननी त्याची शक्यता अगदी नाकारली नाही, पण कमी मानली. महत्त्वाचं म्हणजे त्या मणक्यांवर आगीची खूण नव्हती. पाच मुलांचे सांगाडे मिळायला हवे होते आणि चारच मणके मिळाले हे त्यांनाही चमत्कारिक वाटलं. बहुधा ते जॉर्जनं ओतलेल्या भरावाच्या मातीतून आले.

आणि काका, त्याच खोदकामात मुलांचा अर्धवट जळालेला शब्दकोश मिळाला. कागद उरतो आणि हाड उरत नाही?

बंबखाना :

उरतो, ताई. मिटलेल्या जाड पुस्तकाच्या पानांत हवा शिरत नाही. कडा जळतात, कोळसा होतो, आणि तोच कोळसा आतल्या पानांना सांभाळतो. वह्या-पुस्तकांच्या गोदामांत आगीनंतर मधली पानं वाचता येतात.

पण तुम्ही भरावाचा उल्लेख केलात, तिथंच खरी गोम आहे. अग्निशमन प्रमुख मॉरिस यांनी राज्याच्या अधिकाऱ्यांकडून नीट तपास होईपर्यंत जागा तशीच ठेवायला सांगितलं होतं. चौथ्या दिवशी जॉर्जनं बुलडोझरनं त्यावर पाच फूट माती ओतली. मुलांचं स्मारक म्हणून बाग करायची होती. ते दृश्य रोज डोळ्यांसमोर बघवेना, हे मी समजू शकतो. तपासाच्या दृष्टीनं मात्र त्या दिवशी सगळं संपलं. नाजूक झालेलं हाड बुलडोझरच्या भाराखाली काय टिकणार?

रानजाई :

बापावर ढकलू नका. पाच दिवसांत दाखले देणाऱ्या सरकारला चार दिवसांत चाळण्या घेऊन माणसं पाठवता आली असती. एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेचे प्रमुख हूवर यांनी हे स्थानिक प्रकरण आहे म्हणून कळवलं, स्थानिक यंत्रणेनं मागितली तर मदत देऊ म्हणाले, आणि फेयेटविलच्या पोलिसांनी, अग्निशमन दलानं ती मागायलाच नकार दिला. १९५० मध्ये चार्ल्सटनला सुनावण्या झाल्या आणि राज्यपालांनी शोध व्यर्थ आहे म्हणून प्रकरण बंद केलं.

आणि तो फोटो? १९६० च्या दशकाच्या शेवटी जेनीच्या नावानं पाकीट आलं, केंटकीतल्या सेंट्रल सिटीचा शिक्का. विशीतल्या-तिशीतल्या तरुणाचा फोटो, मागं लुई सॉडरचं नाव आणि काही अक्षरं-आकडे. लुईसारखेच डोळे, तशीच भुवई. आईनं तो मोठा करून दिवाणखान्यात लावला. आईला आपलं पोर ओळखता येत नाही का?

ओसरी :

नऊ वर्षांचं पोर वीस-बावीस वर्षांनी कसं दिसेल हे कुठल्याच आईला खात्रीनं सांगता येणार नाही. फलकावर पत्ता होता, बक्षीस होतं, चेहरे होते. कुणी क्रूरपणानं पाठवलं असेल हे मला जास्त शक्य वाटतं. पाच भावंडांपैकी एकानंही पुढच्या आयुष्यात कधीच फोन करू नये, सगळ्यात मोठा तर चौदा वर्षांचा, घरचा पत्ता पाठ असलेला, यावर तुमचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

रानजाई :

आईबापांच्या जिवाची धमकी दिली असेल, किंवा ते मेले असं सांगितलं असेल. घर जळताना पाहिलेल्या मुलाला ते खरंच वाटेल. पूर्ण समाधान होईल असं उत्तर माझ्याकडं नाही, मानते.

जेनीनं आगीनंतर मरेपर्यंत काळेच कपडे घातले आणि त्या जागेवरची फुलझाडं सांभाळली. तुम्ही म्हणाल, म्हणजे आत कुठंतरी तिनं मृत्यू स्वीकारला होता. मला वाटतं, ज्या मुलांचा ठावठिकाणा नाही त्यांच्यासाठी आई आणखी काय करणार?

तिठा :

काका, आज पुन्हा खणलं तर काही मिळेल?

बंबखाना :

हाडांची आशा कमी. दाताचं कवच शरीरातला सगळ्यात कठीण भाग. उगवलेले दात आगीत तडकतात, पण मुलांच्या जबड्यात अजून न उगवलेल्या पक्क्या दातांचे कोंब हाडाच्या आत असतात, ते पुष्कळदा वाचतात. पाच, आठ, नऊ वर्षांच्या मुलांत असे कोंब भरपूर असणार. तळघराच्या जमिनीपर्यंत जाऊन बारीक चाळणीनं चाळलं तर मिळू शकतील. १९४९ मध्ये किती बारीक चाळलं कोण जाणे. मिळाले तर मुलं घरात होती हे ठरेल. आग कुणी लावली हे त्यानं ठरणार नाही.

रानजाई :

मग खणावं. एक कोंब मिळाला तरी मी माझं मत बदलेन, इथंच येऊन तसं लिहीन. पण ३० डिसेंबर १९४५ ला सह्या करणाऱ्यांच्या हातात त्यातला एकही नव्हता, आणि म्हणून ते पाच दाखले मी मानत नाही.